बंब येईपर्यंत कोण? गावाला हवेत टिकणारे आग-स्वयंसेवक

ऑक्टोबरमध्ये देवणी तालुक्याच्या शिवारात सोयाबीनच्या बनिमी उभ्या राहतात. उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी असतात. विजेच्या तारेची एक ठिणगी किंवा बांधावर पेटवलेला काडीकचरा, एवढ्यानेही अख्ख्या हंगामाची राख होते. शेजारीच गोठा असेल, तर दावणीला बांधलेली जनावरेही जातात. ज्या तालुक्याच्या नावाने देवणी गोवंश ओळखला जातो, तिथे हे नुकसान केवळ पैशांचे नसते.

गावात अग्निशमन दल का नसते?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी संस्थांचा विषय आहे. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. त्यामुळे बंब शहरातून निघतो आणि शिवारापर्यंत रस्ता शोधत येतो. पहिली काही मिनिटे गावाच्याच हातात असतात.

स्वयंसेवकांवर हे काम चालते का?

जगात चालते. जर्मनीत सुमारे १० लाख स्वयंसेवक अग्निशामक आहेत. चिलीमध्ये तर जवळपास सगळे अग्निशमन दलच स्वयंसेवकांचे आहे. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. होमगार्ड संघटना १९४६ मध्ये मुंबईत उभी राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ढिगारे उपसायला सर्वांत आधी धावले ते वाचलेले गावकरी आणि शेजारची गावे.

सरकारी योजना पुरेशी नाही का?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली. २०२१ पासून ती ३५० जिल्ह्यांत वाढवून १ लाख स्वयंसेवकांचे लक्ष्य ठेवले गेले. १२ दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा, ही तिची जमेची बाजू. पण हिशेब केला तर जिल्ह्यामागे सरासरी तीनशेपेक्षा कमी माणसे येतात. दहा तालुक्यांच्या लातूरसारख्या जिल्ह्यात तालुक्याला तीसही नाहीत. प्रत्येक गावात माणूस हवा असेल, तर गावाला स्वतःची भरती करावी लागेल.

भरती कशी करायची?

धगधगत्या ज्वाळांचे पोस्टर आणि ‘शूरवीरांनो, पुढे या’ अशी हाक टाळ्या मिळवते. पण ती ऐकून बहुतेकांना वाटते, हे आपले काम नाही. नेमके काम सांगितले तर माणूस हो म्हणतो: ‘तुमचा टँकर भरलेला ठेवाल का?’, ‘फवारणीचा पंप घेऊन याल का?’, ‘फाट्यावर थांबून बंबाला वाट दाखवाल का?’

कोणाला विचारायचे, हेही महत्त्वाचे आहे. तरुण पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेलेले असतात. आग भर दुपारी लागते, तेव्हा गावात असतात बचत गटातील महिला, दुकानदार, ट्रॅक्टरवाले, शाळेतले शिक्षक. यादी त्यांच्यापासून सुरू व्हायला हवी. गणेश मंडळांकडे मांडव घालण्यापासून मिरवणूक सांभाळण्यापर्यंतची माणसे तयारच असतात.

वेळही साधता येते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उन्हाळ्याची आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सोयाबीनच्या राशीची तयारी ठरू शकते. व्हॉट्सॲप ग्रुप निरोपाला चांगला. पण माणूस जोडायला घरी जाऊन विचारणेच उपयोगी पडते.

आलेली माणसे टिकतील कशी?

खरी अडचण इथे आहे. नाव नोंदवले, टी-शर्ट मिळाला, फोटो छापून आला आणि पुढे वर्षभर बोलावणेच आले नाही, तर ते पथक कागदावरच उरते. त्यासाठी चार गोष्टी हव्यात.

- दर तीन महिन्यांनी तासाभराचा सराव.
- बादल्या, दोर, वाळू, चालू पंप असे साहित्य एका ठरलेल्या ठिकाणी.
- विम्याची सोय. स्वयंसेवक भाजला तर त्याचे घर उघड्यावर पडता कामा नये.
- प्रत्येक घटनेनंतर ग्रामसभेत नावानिशी आभार आणि काय चुकले याची चर्चा.

यातल्या विम्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर ढकलून चालणार नाही. जिल्हा प्रशासनाने ती उचलली पाहिजे. धोका गावकऱ्याने पत्करायचा आणि श्रेय योजनेने घ्यायचे, असा व्यवहार फार दिवस टिकत नाही.

स्वयंसेवकाने काय करू नये?

पेटत्या घरात शिरू नये. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांजवळ पाणी मारू नये. सिलिंडरजवळ गर्दी होऊ देऊ नये. १०१ किंवा ११२ वर कळवणे, जनावरांची दावी सोडणे, शेजारची गंजी वाचवणे आणि रस्ता मोकळा ठेवणे, एवढे वेळेत झाले तरी मोठे नुकसान टळते.

बंबाची मागणी रास्त आहे आणि ती सोडू नये. पण उद्या बंब मिळाला तरी तो पोहोचेपर्यंतची मिनिटे उरतीलच. ती कोणाची, हे आग लागण्याआधी ठरलेले बरे. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आगीच्या बाबतीत फार महाग पडते.