उघडलेले दार आणि विषाचा व्यापार

जागतिकीकरण १९९१ साली आले, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. विदर्भातील बौद्ध समाजापुरते बोलायचे तर हे विधान आम्हाला अपुरे वाटते. आपल्या पूर्वजांच्या घरात जागतिक बाजारपेठ शिरली ती त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, कापसाच्या गाठींबरोबर. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी मोल चढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. जाताना ती कापूस नेई आणि येताना गिरणीचे कापड आणी. नागपूर भागातील महार समाजाचा मोठा वर्ग तोवर जाडेभरडे कापड विणून पोट भरत असे. त्याचे माग या कापडापुढे टिकले नाहीत. पुढे १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि ज्यांचा हातमाग बुडाला त्यांच्यापैकी अनेकांना रोजगार मिळाला तो याच गिरण्यांत.

हा इतिहास आम्ही सांगतो तो हळहळ व्यक्त करण्यासाठी नव्हे. गिरणीच्या पगाराला गावकीचा वास नव्हता. तो हक्काचा होता, रोख होता आणि त्यासाठी कोणाच्या दारात जोहार घालावा लागत नव्हता. नागपूरच्या वस्त्यांतून जी आंबेडकरी चळवळ उभी राहिली, तिचा कणा हे गिरणी कामगारच होते. एकाच व्यापाराने आपला माग हिरावून घेतला आणि त्यानेच आपल्याला गावकीच्या जोखडातून बाहेर पडण्याची वाट दाखवली. अर्थात गिरणीच्या फाटकापाशी जात गळून पडली, असेही झाले नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे व विटाळाची भीती उभी राही. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपकाळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला. यंत्र विलायती होते, विटाळ मात्र देशी.

आता १९९१ कडे येऊ. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० साली, अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्र शासनाच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी आपल्या समाजाला धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे वाट पाहावी लागली होती. आणि लगेच पुढच्या वर्षी नवे आर्थिक धोरण आले. सरकारी उद्योगांच्या खाजगीकरणाची भाषा सुरू झाली, कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले. ज्या दारावर आपण इतकी वर्षे धडका देत होतो ते उघडले खरे, पण आतल्या खोल्या त्याच वेळी रिकाम्या केल्या जात होत्या. हा योगायोग असेल. त्याची किंमत मात्र एका पिढीने मोजली आहे.

तरीही जग उघडले याचे आम्हाला वाईट वाटत नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याचे आपण अनुयायी आहोत. समुद्रापलीकडचे ज्ञान आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शेतमजुरांची मुले परदेशी विद्यापीठांत शिकतात. अमेरिकेतील सिएटल शहराने २०२३ साली जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, यामागे तेथे गेलेल्या आपल्या लोकांची चळवळ होती. जात विमानात बसून गेली, तसा तिच्याविरुद्धचा लढाही गेला. शिवाय धम्म स्वतःच सीमा ओलांडत वाढलेला आहे. अशोकाच्या काळी तो सिंहलद्वीपाला गेला. आपल्या काळी कामठीच्या ड्रॅगन पॅलेससाठी जपानमधून दान आले. दारे लावून घ्या, असे सांगणारी परंपरा आपली नव्हे.

मग प्रश्न कोणता? आमच्या मते तो यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात स्पष्टपणे विचारला आहे.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. ही घटना नीट उलगडून पाहिली तर तिच्यात सारे जग सापडते. बियाणे बीटी वाणाचे. त्याचे तंत्र अमेरिकेतून आलेले आणि आपल्याकडे त्याला २००२ साली परवानगी मिळालेली. बोंडअळीपासून संरक्षण हे त्याचे आश्वासन होते आणि पहिली काही वर्षे ते बऱ्याच अंशी पाळलेही गेले. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. फवारे वाढले, औषधांची मिश्रणे वाढली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर येत. अनेकांच्या पाठीवर चिनी बनावटीचे जोरकस पंप होते. आणि कापसाचा भाव ठरत होता तो दूरच्या बाजारात, जेथे अमेरिकेचा अनुदान घेणारा शेतकरीही आपला माल आणतो. भाव आपल्या हाती नाही, म्हणून पीक वाचवायचे. पीक वाचवायचे, म्हणून आणखी एक फवारा. फवारणारा हात पुष्कळदा जमीनमालकाचा नसतो, रोजाने आलेल्या भूमिहीनाचा असतो. या स्मरणिकेच्या वाचकांना तो हात कोणाच्या घरचा असतो हे वेगळे सांगायला नको.

त्या काळात वापरात असलेल्या कीटकनाशकांपैकी एक होते डायफेन्थियुरॉन. हे रसायन युरोपीय संघात व स्वित्झर्लंडमध्ये वापरण्यास परवानगी नव्हती. तरी स्वित्झर्लंडमधून ते भारतात निर्यात होत होते. आपल्या मुलाच्या पानात जे वाढायचे नाही, ते शेजाऱ्याच्या मुलाला विकायचे, असा हा व्यवहार आहे. मालाला सीमा ओलांडण्याची मुभा आहे, त्या मालापासून माणसाला वाचवणाऱ्या नियमाला मात्र ती नाही.

अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार तथागतांनी सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आपण पंचशील रोज म्हणतो. या पाच व्यापारांची आठवण मात्र क्वचितच काढतो. कदाचित आपल्याजवळ व्यापार करण्याइतके भांडवलच नव्हते म्हणून असेल. आता परिस्थिती बदलली आहे. आपली मुले रसायन कंपन्यांत आहेत, बियाण्यांच्या विक्री विभागात आहेत, कृषी केंद्रे चालवतात, बँकांत व कृषी खात्यात अधिकारी आहेत. विसवणिज्जा हा शब्द आता इतरांकडे बोट दाखविण्यापुरता राहिलेला नाही.

त्या विषाने फक्त माणसेच मारली, असेही नाही. मित्रकीटक गेले, बांधावरच्या मधमाश्या कमी झाल्या, नाल्यांत काय वाहते ते कोणी तपासत नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त ज्यांनी ऐकला आहे, त्यांना पऱ्हाटी, अळी, मजूर आणि पाणी ही वेगवेगळी प्रकरणे वाटू नयेत.

या कथेची पुढची बाजूही सांगितली पाहिजे. २०२० साली यवतमाळमधील ५१ बाधित कुटुंबांनी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल केली, आणि एक बचावलेला शेतकरी व दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नी यांनी तेथे नुकसानभरपाईची कायदेशीर मागणी केली. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली. पण यवतमाळच्या खेड्यातील बाई बासेलच्या कंपनीला जाब विचारते, हेदेखील जागतिकीकरणच आहे आणि आम्हाला ते अधिक मोलाचे वाटते. त्याच सुमारास स्वित्झर्लंडने या रसायनासह पाच घातक कीटकनाशकांची निर्यात २०२१ पासून थांबविण्याचा निर्णय घेतला.

आपल्या राज्य शासनाने त्या दुर्घटनेनंतर काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली आणि मुखवटे, हातमोजे वापरा असा प्रचार केला. सप्टेंबरच्या उकाड्यात, गुडघाभर चिखलात, सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन ते कपडे कोण घालू शकतो, हे सांगणाऱ्याने एकदा घालून पाहावे. डब्यावरची सूचना इतक्या बारीक अक्षरांत असते की वाचता येणाऱ्यालाही ती वाचता येत नाही.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाकडे आमची एक मागणी आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्यातील कृषी पदवीधर, डॉक्टर आणि वकील यांनी एकत्र बसून, परिसरातील कृषी केंद्रांत विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची यादी करावी. त्यांतील कोणती इतर देशांत बंद आहेत, विषबाधेची लक्षणे कोणती, मजुराला पहिल्या तासात कोठे न्यावे, हे ठळक मराठीत छापून ती यादी वसतिगृहातील प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी. मुले दिवाळीला घरी जातात तेव्हा फवारणीचा हंगाम जवळपास संपलेला असतो. यादी त्यांच्याबरोबर जूनमध्येच पोहोचली पाहिजे.