नियमपुस्तिकेतील मराठी

ख्रिस्ती संस्थांच्या काही प्राथमिक शाळांच्या नियमपुस्तिकांत आवारात केवळ इंग्रजी बोलण्याचे कलम वर्षानुवर्षे ठाण मांडून होते. गृहपाठ, गणवेश, उपस्थिती यांविषयीच्या अपेक्षांशी आमचे भांडण नाही. त्या शिस्तीसाठीच तर पालक प्रवेशाच्या रांगा लावतात. पण मधल्या सुट्टीत मित्राशी मराठीत बोलणाऱ्या सात वर्षांच्या मुलास दंड करणे ही कोणती शिस्त? ज्या परंपरेने १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ दिले, पुढे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी आणि रेव्हरंड ना. वा. टिळक दिले, तिच्या वारसांना मराठीचे वावडे असावे? (२०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी भूषविले, तेव्हा अभिमान मात्र सर्वांनाच वाटला.) त्याच वर्षीच्या कायद्याने महाराष्ट्रातील शाळांत मराठी सक्तीची केली आणि ती बोलण्यावर बंधन घालण्यासही मनाई केली. संविधानाचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा अधिकार देतो, मुलांच्या तोंडाला कुलूप घालण्याचा नव्हे. अर्थात, अशा पुस्तिकेवर मुकाट सही करणारे बहुतेक पालक मराठीच असतात, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते कौतुकाने पोराची इंग्रजी कविता ऐकवतात.