मित्राला स्वतः बोलू द्या

१९८१ साली विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषपात्र रंगवते, समोर नायिका नमा. तालमीत जडलेला जीव तालीम संपल्यावरही सुटत नाही. नमाच्या ओढीत मित्रा एकटी पडत जाते आणि शेवटी जीव देते.

तेंडुलकरांच्याच कथेवर रवी जाधव यांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५मध्ये तो ‘बायोस्कोप’ या लघुपटसंग्रहातून चित्रपटगृहांत आला. काळ १९४७चा, चित्रण कृष्णधवल. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा आहे आणि वीणा जामकरची मित्रा आपल्या मनातलं कुणापाशी बोलावं या घालमेलीत आहे. सगळ्यांना हवं असलेलं स्वातंत्र्य आणि तिला एकटीलाच हवं असलेलं स्वातंत्र्य शेजारी ठेवलं, की दुसरं किती महाग आहे ते समजतं.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. हिंजवडीजवळच्या आमच्या जांबे गावात शेतांना लागून टॉवर उभे राहिलेत. हिंजवडीत नोकरी करणारी मुलंमुली इथे भाड्याने राहतात. फ्लॅट दाखवताना घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, “फॅमिली आहे का?” दोन मुली ‘मैत्रिणी आहोत’ म्हणाल्या की चावी मिळते. त्यापुढचं खरं सांगायची सोय नसते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरमालकापर्यंत तो निकाल अजून पोचायचाय.

नाटकात मित्राची गोष्ट बापू सांगतो. तो तिचा जिवाभावाचा मित्र आहे, पण ती आपल्याला भेटते ती त्याच्या नजरेतून. म्हणून मला आता पूर्ण लांबीचा ‘मित्रा’ हवाय, तिने स्वतः सांगितलेला. त्यात तिने जगावं, म्हातारं व्हावं. हे जमण्यासारखं आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या सिनेमाने २०२५मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार पटकावला. त्यात वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेल्या आनंदला बालमित्र बाळ्याचा आधार मिळतो, आणि त्या प्रेमाची किंमत कुणाला जीव देऊन चुकवावी लागत नाही.

मित्राच्याही वाट्याला असा सिनेमा यावा. तेंडुलकरांचं नाटक त्याने लहान होणार नाही, पुढे जाईल.