सामाजिक जाणिवेची एक रिकामी खुर्ची

कायद्याच्या रूक्ष भाषेत कधीकधी एखादा शब्दप्रयोग असा येऊन बसतो की त्यावर सर्वात आधी साहित्याच्या माणसांनी हक्क सांगायला हवा. 'बिगर-वैज्ञानिक, सामाजिक जाणीव असलेला सदस्य' हा त्यांपैकी एक. आपल्याकडे विद्यापीठात किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात उंदीर, ससे, गिनीपिग यांच्यावर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मान्यता लागते. या समितीत जीवशास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, प्राणिगृहाचा प्रमुख असतो, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. आणि या सर्व जाणकारांच्या पंक्तीत एक अजाण माणूस मुद्दाम बसवलेला असतो. ती खुर्ची वाचकाची आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी ती बेफिकिरीने सोडून दिली आहे, हा आमचा आरोप आहे. आरोपींत आम्हीही आलोच.

आमच्यापैकी एकाने या खुर्चीवर काही काळ काढला. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण प्रकार सार्वत्रिक असावा अशी आमची शंका आहे. दुपारच्या एका बैठकीत प्रस्तावांची चळत, चहा, आणि शेवटी सह्यांचा कागद. "सर, हे जरा टेक्निकल आहे, तुम्ही इथे सही केलीत तरी चालेल." हे वाक्य अत्यंत आदराने उच्चारले गेले. एका अर्जात प्रयोगाअंती प्राणी 'सॅक्रिफाइस' केले जातील असे लिहिले होते. आमच्या मित्राने विचारले, म्हणजे काय? क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाले, "म्हणजे मारणार. पण तसं लिहायची पद्धत नाही."

पद्धत नाही! बळी द्यायला देव लागतो, यजमान लागतो, निदान कोणाला तरी कसले तरी पाप वाटावे लागते. यांपैकी काहीही नसताना यज्ञवेदीवरचा शब्द तेवढा उचलून प्रयोगशाळेत आणायचा, आणि 'मारणे' हे साधे मराठी क्रियापद मात्र असभ्य ठरवायचे, याला शास्त्रीय काटेकोरपणा म्हणत नाहीत. तीच गत 'ॲनिमल मॉडेल' या शब्दाची. 'प्राणी' या शब्दात प्राण आहे. 'मॉडेल'मध्ये तो नाही.

याहून गंभीर उदाहरण 'फोर्स्ड स्विम टेस्ट'चे. नैराश्यावरील औषधे तपासण्यासाठी ही चाचणी दीर्घकाळ वापरात आहे. पाण्याने भरलेल्या उभ्या काचपात्रात उंदराला सोडतात. बाहेर पडायला वाट नसते. तो धडपडतो, आणि काही वेळाने नुसता तरंगत राहतो. लहान उंदरांसाठी हे साधारणतः सहा मिनिटे चालते आणि शेवटच्या चार मिनिटांतली निश्चलता मोजली जाते. या निश्चलतेला 1977 साली जे नाव मिळाले, त्याचे मराठी 'वर्तनातील हताशा' असे होईल. आता उंदराची हताशा जर आपल्या हताशेसारखी असेल, तर तिच्याविषयी अर्जात चकार शब्द का नाही? आणि नसेल, तर चाचणी कशाची? शास्त्रज्ञ म्हणतील, आम्हाला हताशेशी कर्तव्य नाही. माणसाला गुण देणारे औषध उंदराची धडपड वाढवते, एवढ्यावर आमचे भागते. मान्य. मग अर्जाच्या शीर्षकात 'नैराश्याचे मॉडेल' कशासाठी? रूपक वापरायचे, त्याचा लाभ घ्यायचा आणि त्याची जबाबदारी मात्र नाकारायची, ही लबाडी आम्ही कवीला माफ करत नाही.

गैरसमज नको. आम्ही प्रयोगांच्या विरोधात नाही. आमच्या घरांत इन्सुलिनवर जगणारी माणसे आहेत आणि 1921 साली टोरांटोत ते कुत्र्यांवरील प्रयोगांतून हाती आले हे आम्हाला ठाऊक आहे. मान्यतेला विलंब झाला की एम. फार्म.च्या विद्यार्थ्याचे वर्ष टांगणीला लागते, ही तक्रारही खरी आहे. पण विलंबाचा राग अर्जातल्या प्रश्नांवर काढू नये. प्राणीच का, हाच प्राणी का, इतकेच का, हा प्रयोग आधी झाला आहे काय, हे प्रश्न सरकारी नाहीत. ते 1959 साली रसेल आणि बर्च यांनी मांडलेल्या पर्याय, कपात आणि परिष्कार या तत्त्वांचे आहेत. त्यांना मागच्या वर्षीच्या अर्जातला परिच्छेद उतरवून उत्तर देणारा संशोधक आम्हाला गाईडवरून उत्तरे लिहिणाऱ्या परीक्षार्थ्याची आठवण करून देतो.

आणि आपण? मुळात हा कायदा घडला तो एका कलावतीच्या आग्रहातून. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले, आणि पुढे सरकारने 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणला. त्याच्या सतराव्या कलमात असे आहे की शिकवण्यासाठी पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट पुरेसे असतील तिथे शक्यतो प्रयोग टाळावेत. पुस्तके! आमची मंडळी मात्र क्रौंचवधाचा दाखला देऊन चर्चासत्रात टाळ्या घेतात, 'ग्रामीण कादंबरीतील पशुप्रतिमा' यावर प्रबंध लिहून घेतात आणि त्याच शहरातल्या प्राणिगृहाचा दरवाजा कोणत्या बाजूला आहे हे त्यांना माहीत नसते. "आमचा काय संबंध?" हे वाक्य आम्ही मराठी विभागात जितक्या वेळा ऐकले तितके प्रयोगशाळेत ऐकलेले नाही.

केंद्रीय समितीचेही कौतुक नको. तिच्या कार्यपद्धतीत या सामाजिक जाणिवेच्या सदस्याची उपस्थिती वर्षातून किमान एका बैठकीला आणि केंद्राकडे पाठवायच्या प्रकरणांत अनिवार्य ठरवण्यात आली. म्हणजे वर्षात एकदा जाणीव झाली की पुरे!

युरोपीय संघाच्या 2010 च्या निर्देशानुसार प्रत्येक प्रकल्पाचा सर्वसामान्यांना कळेल असा सारांश प्रसिद्ध करावा लागतो. प्राण्यांना काय त्रास होईल, किती प्राणी लागतील, कशासाठी, हे त्यात सांगावे लागते. आपल्याकडे प्रत्येक अर्जासोबत असे एक पान मराठीत का असू नये? भाषांतर नव्हे, संशोधकाने स्वतः लिहिलेले पान. 'मारणे'ला 'मारणे' म्हणणारे. ते लिहायला त्याला अवघड गेले, तर मदतीला आम्ही आहोत, मानधनाशिवाय. आणि ज्यांना ही खुर्ची मिळाली आहे त्यांनी निदान एवढे करावे: अर्ज बैठकीच्या आठ दिवस आधी मागून घ्यावेत, न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारावी, आणि त्या सगळ्या शब्दांचा अर्थ बैठकीत सर्वांसमक्ष विचारल्याशिवाय सही करू नये. चहा थंड झाला तर होऊ द्यावा.