शक्करखोऱ्याला साखर नको

आपल्या माळव्यात ज्याला सर्रास ‘शक्करखोरा’ म्हणतात, तो मराठीतील शिंजीर. जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचा आणि दहा ग्रॅमपेक्षाही हलका असा हा पक्षी माणसांच्या वस्तीला सरावलेला असून चार कुंड्यांच्या बागेतही आनंदाने येतो. विणीच्या हंगामात नराचा काळा वाटणारा रंग उन्हात निळा-जांभळा झळाळतो. हंगाम सरला की तो मादीसारखा पिवळसर-मातकट दिसू लागतो आणि छातीवर केवळ एक काळी रेघ उरते. आपला शिंजीर निघून गेला, असा तेव्हा अनेकांचा समज होतो; वस्तुतः तो तिथेच असतो.

या पक्ष्याला ‘हमिंगबर्ड’ म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. खरे हमिंगबर्ड फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतात. पण नावापाठोपाठ तिकडची साखरपाण्याची लाल बाटलीही आपल्या बाजारात आली आणि बाल्कनीत टांगली जाऊ लागली. माझे स्पष्ट मत आहे की, या बाटलीची आपल्याला गरज नाही. साखरपाणी म्हणजे विष नव्हे. फुलातील मधुरसातही मुख्यतः साखर आणि पाणीच असते. परंतु माळव्याच्या उन्हाळ्यात ते लवकर आंबते, त्यात बुरशी धरते आणि रोज बाटली घासण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. शिवाय या पक्ष्याची मुख्य निकड साखरेची नाहीच.

आपण सारे वैद्यकीय व्यवसायातील असल्याने हा मुद्दा सहज पटावा. वाढत्या बालकाला केवळ साखरपाण्यावर ठेवण्याचा सल्ला आपल्यापैकी कोणी देईल काय? शिंजिराची पिल्लेही साखरेवर वाढत नाहीत. त्यांना प्रथिने लागतात आणि ती मिळतात बारीक किडे, अळ्या व कोळी यांच्यापासून. मादी एकटीच घरटे बांधते, अंडीही तीच उबवते; पिल्ले बाहेर आली की नरही चारा आणू लागतो. गवत, तंतू, सालीचे तुकडे हे सारे ती कोळिष्टकांनी जोडते. ते लोंबते घरटे दुरून फांदीला अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते आणि पुष्कळदा कचरा म्हणूनच झाडूने काढले जाते. म्हणजे ज्या बागेत कोळी नाही, तिथे शिंजिराला बांधकामाचे साहित्य नाही आणि पिल्लांना अन्नही नाही.

आणि नेमके कोळी व किडेच आपण औषध फवारून नाहीसे करतो. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके पोटात गेलेला रुग्ण आला की आपली किती धावपळ होते, ॲट्रोपिन किती द्यावे लागते, हे आपणांस सांगायला नको. त्याच वर्गातील बाटली बागेच्या फडताळात असते आणि गुलाबावर मावा दिसला की निःशंकपणे उघडली जाते. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे तर झाडाच्या अंगात भिनतात आणि मधुरसात व परागातही उतरतात. युरोपीय संघाने 2018 साली त्याच्यासह या गटातील तीन औषधांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. आपण मात्र एका हाताने फूल पुढे करतो आणि दुसऱ्या हाताने त्यात विष मिसळतो.

मग करावे काय? अडुळसा लावावा. खोकल्यासाठी आपण लिहून देतो त्या ब्रोमहेक्सिनचे मूळ याच झुडपातील व्हॅसिसीनमध्ये आहे आणि त्याची पांढरी फुले शिंजिराला प्रिय आहेत. जोडीला एकेरी पाकळ्यांची जास्वंद, डाळिंब, करदळ आणि जागा असल्यास शेवगा असावा. मावा दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. घर अवश्य झाडावे, पण बागेच्या एका कोपऱ्यातील जाळी आणि वाळक्या काटक्या राहू द्याव्यात.

पाण्याबाबत एक आक्षेप आपल्यापैकीच कोणी घेईल, तो म्हणजे डेंग्यूचा. आक्षेप रास्त आहे. एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून पसरट भांडे ठेवल्यास ते रोज रिकामे करावे आणि कडा घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. तथापि शिंजिराला ओल्या पानांवर अंग घासून न्हाणे आवडते. सकाळी झाडांच्या पानांवर पाणी शिंपडले, तरी त्याचे काम भागते.

स्वच्छतेची सवय आपल्या व्यवसायाने लावली आहे आणि शस्त्रक्रियागृहात ती हवीच. परंतु बाग म्हणजे शस्त्रक्रियागृह नव्हे. तिथे निर्जंतुकता आणण्याच्या हव्यासात आपण पाखरांची उपासमार करतो. आपल्या दवाखान्यांच्या दारांतही कुंड्या असतातच. त्यांतील एकीत तरी अडुळसा लावावा, तिच्यावर वर्षभर काहीही फवारू नये आणि रुग्णांनी विचारल्यास त्यांनाही कारण सांगावे. आपला शब्द लोक औषधाइतकाच मानतात. तो या इवल्या पक्ष्यासाठीही खर्ची पडावा, एवढीच विनंती.