जाणकारांची कुरकुर

ज्याला गाण्यातले काही कळत नाही, तो मैफिलीत कधी रागावत नाही. फार तर जांभई देतो. तबलजी समेला चुकला की आठ्या पडतात त्या पुढच्या रांगेतल्या जाणकाराच्या कपाळावर. संगणकावर खेळ खेळणाऱ्या मंडळींचेही अगदी असेच आहे.

या मंडळींचे दैवत म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ, शंभर, दोनशे वेळा नव्याने रेखाटायचे, हे त्याचे काम. एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ६ जानेवारी २०२५ रोजी लास व्हेगासला, चकचकीत चामडी जाकीट घालून, 'आरटीएक्स ५०९०' हे बलाढ्य कार्ड जगापुढे ठेवले. किंमत १९९९ डॉलर. विजेची भूक ५७५ वॉट. म्हणजे घरातले ७५ वॉटचे सात पंखे एकदम फिरवावेत आणि वर एक दिवा लावावा, तेवढी!

स्वागत दणक्यात झाले. मागच्या खेपेचे तीन कप्पे अडवणारे धूड कंपनीने दोन कप्प्यांत बसवले, म्हणून कारागिरीची वाहवा झाली. अमेरिकेत काहींनी दुकानांपुढे तंबू ठोकले. ३० जानेवारीला विक्री सुरू झाली आणि माल पाहता पाहता संपला.

पण वाहवेच्या मागोमाग कुरकुर आलीच. २०२२ चे कार्ड होते १५९९ डॉलरांचे आणि ४५० वॉटचे. म्हणजे किंमत पाव हिश्शाने वाढली, वीज त्याहून थोडी अधिक, आणि चाचण्यांत वेग वाढला तोही साधारण त्याच मापाने. मग पदरात पडले काय?

दुसरी तक्रार मला, भाषेच्या मास्तराला, फार आवडली. या कार्डात अशी सोय आहे, की एक चित्र रीतसर काढायचे आणि पुढची तीनपर्यंत चित्रे कृत्रिम बुद्धीने अंदाजाने भरायची. जाणकारांनी त्यांना 'खोटी चित्रे' म्हणून नावे ठेवली. त्यांचे म्हणणे, डोळ्यांना हालचाल सफाईदार दिसते खरी. पण बोटाने कळ दाबली की तिला उत्तर देते ते खरे चित्रच. साथीदारांनी धृपद तीनदा घोळवले म्हणून बुवांचे आख्यान काही पुढे सरकत नाही!

फेब्रुवारीत तर कमाल झाली. चित्रावर शेवटचा हात फिरवणारे घटक कार्डात १७६ असायला हवेत. काहींच्या कार्डात ते १६८ च भरले. हे मोजले कोणी? याच मंडळींनी! असे नग अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाल्याचे कंपनीला मान्य करावे लागले आणि ते बदलून देण्याची सोय झाली.

माझा भाचा याच पंथातला. "तुला घ्यायचेच नाही, तर एवढा संताप कशाला रे?" मी विचारले.

"घ्यायचे नाही असे कोण म्हणाले, मामा? परवडत नाही."

या उत्तरातच सारे आले. १९९३ साली निघालेली ही कंपनी वाढली ती अशाच खेळगड्यांच्या साठवलेल्या पैशांवर. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात मात्र तिचे उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर झाले, आणि खेळांचा वाटा त्यात ११ अब्जांच्या आसपास, म्हणजे दशांशाहूनही कमी. बाकी बहुतेक पैसा आला तो कृत्रिम बुद्धीसाठी उभारलेल्या प्रचंड संगणक-केंद्रांकडून. नाटक मंडळीला राजाश्रय मिळाला आणि पिटातले तिकीट महागले, अशातला हा प्रकार.

राजाश्रय वाईट नाही. पण दरबारातली माणसे टाळ्या वाजवतात. सम चुकली हे पिटातला माणूस सांगतो. तो कुरकुरतो आहे तोवर मालकांनी निर्धास्त असावे. तो गप्प झाला, की उठून घरी गेला असे समजावे.