सव्वीस म्हणजे किती सव्वीस?

आमचे बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सायकलवर. मारुती मंदिरापासून भाट्याच्या पुलापर्यंत. जाताना उतार, येताना घाम! त्यावरच त्यांची शुगर ताब्यात आहे.

मध्यंतरी मागचा टायर फाटला. ‘सव्वीसचा लागतो,’ बाबा फोनवर म्हणाले. मी पुण्यात, लंच ब्रेकमध्ये, एका हातात डबा. ऑनलाइन ‘२६ इंच’ शोधला, पैसे भरले. कर्तव्यदक्ष मुलगी! चार दिवसांनी रत्नागिरीहून फोन, ‘अगो, सव्वीस म्हणजे किती सव्वीस? हा रिमवर चढतच नाही!’

बदलाबदलीत तीन आठवडे गेले. फिरणं बंद, शुगर वर. शेवटी वीकेंडला मीच दोन्ही टायर घेऊन सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी जुन्या टायरवरून ओलं फडकं फिरवलं. ३७-५९०. नव्यावर काळ्यावर काळ्या अक्षरांत ५०-५५९. काका म्हणाले, ‘सव्वीस हे आडनाव झालं. नाव इथे असतं.’

पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ‘सव्वीस’ हे मुळात टायरच्या बाहेरच्या व्यासाचं ढोबळ माप. टायरची जाडी बदलली तशी आतली रिमही बदलली, आकडा मात्र तोच राहिला. आमच्या दोन सव्वीसांत ३१ मिलिमीटरचा फरक!

आणि वेष्टनावर काय होतं? डोंगर, हेल्मेटवाला हीरो, ‘सुपर ग्रिप’. पाकीटबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांनुसार किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापावं लागतं. जिथे आकार महत्त्वाचा, तिथे मापही. आता ‘२६ इंच’ हेही मापच की! नियम पाळला, टायर बसला नाही.

सगळंच छापा असं माझं म्हणणं नाही. मग शॅम्पूच्या बाटलीसारखं भिंग घेऊन बसावं लागेल. पण ज्या आकड्यावर वस्तू बसणार की परत जाणार हे ठरतं, तो तरी ठळक हवा. टायरवर व्यास. ट्यूबवर व्यास आणि वॉल्व्हचा प्रकार. बस्स. आम्ही रत्नागिरीकर आंब्याची पेटी घेताना बाग कुठली, किती डझनी, सगळं विचारतो. हापूसला २०१८मध्ये जीआय मिळाला तोही नाव आणि गाव खरं असावं म्हणूनच. पेटीवर नुसतं ‘आंबा’ लिहिलेलं चालेल का आपल्याला?

बाबा आता परत भाट्याला जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्यांनी लाल पेनाने लिहून ठेवलंय : ५९०.

तुम्हीही ऑर्डरचं बटण दाबण्याआधी जुन्या टायरवरून एकदा ओलं फडकं फिरवाच!